कंपवात : शरीराची सहज हालचाल का हरपते?

सकाळी उठल्यावर आपण अंथरुणातून पाय खाली टाकतो, तोंड धुतो, सदऱ्याच्या गुंड्या लावतो आणि चहाचा पेला ओठांशी नेतो. यांपैकी एकाही क्रियेसाठी आपणांस विचार करावा लागत नाही. गुंडी लावताना अंगठ्याने किती जोर द्यावा, पेला उचलताना कोणता स्नायू आवळावा व कोणता सैल सोडावा, चालताना उजव्या पायाबरोबर डावा हात केव्हा पुढे न्यावा, याची आज्ञा आपण जाणीवपूर्वक देत नाही. आपण केवळ इच्छा करतो. उरलेले काम शरीर आपण होऊन करते. हा सहजपणा इतका अंगवळणी पडलेला असतो की, ती एक देणगी आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही.

कंपवात हा या सहजपणाचाच अपहार करणारा रोग होय. लोकांच्या दृष्टीस प्रथम पडतो तो हाताचा कंप, आणि रोगास नावही त्यावरूनच मिळाले आहे. परंतु कंप हे केवळ दर्शनी चिन्ह होय. रोगाचे मर्म निराळे आहे. रुग्णाची इच्छा शाबूत असते. त्याच्या स्नायूंचे बळही बव्हंशी शाबूत असते. मात्र या दोहोंना जोडणारी मेंदूतील यंत्रणा क्षीण होत जाते. ही गोष्ट उमगली नाही म्हणजे घरातील माणसे रुग्णाच्या मंदपणास आळस समजतात, त्याच्या निर्विकार चेहऱ्यास रुसवा समजतात, आणि उपचाराची मोलाची वर्षे ‘आता वय झाले’ एवढ्या एका वाक्याखाली वाया जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ साली जगात या रोगाचे ८५ लाखांहून अधिक रुग्ण होते. तेव्हा या रोगाची ओळख करून घेणे हे केवळ वैद्यांचे काम नव्हे.

एक उदाहरण

कल्पनेने एखाद्या निवृत्त शिक्षकाचे उदाहरण घेऊ. वय साठीच्या पुढचे. अक्षर टपोरे आणि वळणदार. गावातील लोक अर्ज लिहून घेण्यासाठी त्यांच्याकडे येत. एके दिवशी जुनी वही चाळताना त्यांच्या पत्नीस दिसते की, गेल्या वर्षभरात गुरुजींचे अक्षर लहान होत चालले आहे. ओळीचा आरंभ बरा असतो. परंतु ओळ संपेपर्यंत अक्षरे मुंगीएवढी होतात. पुढे असे आढळते की, चालताना त्यांचा उजवा हात झुलत नाही. तो अंगाशी चिकटल्यासारखा राहतो. उजवा खांदा दुखतो, म्हणून त्यास तेल चोळले जाते व संधिवाताची औषधे दिली जातात. आवाज खाली गेला आहे, पण त्यास सर्दीचे निमित्त मिळते. नातवंडे म्हणतात, आजोबा हल्ली हसत नाहीत. शेवटी एका सायंकाळी, ते ओसरीवर स्वस्थ बसलेले असताना, मांडीवरचा उजवा हात थरथरताना दिसतो, आणि तेव्हा कोठे घरातील मंडळी त्यांना डॉक्टरांकडे नेतात.

या उदाहरणात कंप सर्वांत शेवटी आला, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. अनेक रुग्णांत तो आरंभीच दिसतो, हे खरे. परंतु काहींना तो मुळीच होत नाही. अक्षराचे आखडणे, हाताचे न झुलणे, एका बाजूच्या खांद्याचा ताठरपणा आणि चेहऱ्याचे स्तब्ध होणे ही सर्व एकाच रोगाची पावले होती. ती निरनिराळ्या वाटांनी आली, म्हणून ओळखता आली नाहीत.

रोगास नाव कसे मिळाले?

अंगाची थरथर मनुष्यास प्राचीन काळापासून ठाऊक आहे. आयुर्वेदात तिचा उल्लेख ‘वेपथु’ या नावाने येतो. परंतु थरथर, मंदपणा आणि पुढे झुकलेली चाल ही एकाच रोगाची अंगे आहेत, हे सुसंगतपणे मांडण्याचे श्रेय जेम्स पार्किन्सन (१७५५–१८२४) या इंग्रज वैद्याकडे जाते. लंडनच्या हॉक्स्टन भागात तो वैद्यकीचा व्यवसाय करी. भूगर्भशास्त्र व जीवाश्म यांचाही तो व्यासंगी होता. १८१७ साली त्याने ‘कंपयुक्त पक्षाघात’ या विषयावर एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला. त्यात अवघ्या सहा रुग्णांचे वर्णन होते, आणि त्यांपैकी काही तर त्याने केवळ रस्त्यावर पाहिलेले होते. शवविच्छेदनाची संधी त्यास मिळाली नव्हती. रोगाचे मूळ मानेतील मज्जारज्जूत असावे, असा त्याचा तर्क होता. तो पुढे चुकीचा ठरला. परंतु डोळ्यांनी जे पाहिले ते त्याने इतक्या अचूकपणे टिपले होते की, ते वर्णन आजही उपयोगी पडते.

सुमारे अर्धशतकानंतर पॅरिस येथील साल्पेत्रियेर रुग्णालयात झाँ-मार्तँ शार्को या फ्रेंच वैद्याने अशा रुग्णांचा बारकाईने अभ्यास केला. ‘कंपयुक्त पक्षाघात’ हे नाव दोन्ही अंगांनी चुकीचे आहे, असे त्याने दाखवून दिले: सर्वच रुग्णांना कंप असतो असे नाही, आणि पक्षाघातात अंगातील बळ जसे जाते तसे येथे जात नाही. म्हणून या रोगास पार्किन्सनचे नाव द्यावे, असे त्याने सुचविले. मराठीत ‘कंपवात’ हा शब्द रूढ असल्याने आपणही तोच वापरू. मात्र शार्कोने दिलेला इशारा मनात ठेवू.

चार प्रमुख लक्षणे

कंपवाताची शरीरावर दिसणारी प्रमुख लक्षणे चार आहेत.

पहिले लक्षण कंप. तो बहुधा एका हातास आरंभी होतो व सेकंदास ४ ते ६ वेळा या गतीने चालतो. वैद्य अंगठा व बोटे यांच्यामध्ये औषधाची गोळी वळतात, तशी ही हालचाल दिसते. हात स्वस्थ असताना कंप अधिक असतो. तोच हात एखादी वस्तू घेण्यास पुढे केला की तो कमी होतो. झोपेत तो नाहीसा होतो. मन अस्वस्थ झाले की वाढतो. थरथरणारा प्रत्येक हात कंपवाताचाच असतो असे मात्र नाही. कित्येकांचा हात पेला उचलताना किंवा सही करतानाच थरथरतो आणि विश्रांतीच्या वेळी स्थिर असतो. तो विकार बहुधा निराळा असतो व त्याचे उपचारही निराळे आहेत.

दुसरे लक्षण ताठरपणा. रुग्णाचा कोपर दुसऱ्याने हलविल्यास तो मोकळेपणाने वळत नाही. दात्यांचे चाक जसे एकेक दाता अडखळत फिरते, तसा तो टप्प्याटप्प्याने वळतो. पाठ, मान व खांदे यांतील दुखणे पुष्कळदा यातूनच उद्भवते.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे लक्षण म्हणजे हालचालींची मंदता. हे लक्षण असल्याखेरीज कंपवाताचे निदान करता येत नाही. मंदता म्हणजे केवळ सावकाशी नव्हे. एकच क्रिया पुन्हा पुन्हा करावयाची असता ती उत्तरोत्तर लहान व दुबळी होत जाते. अंगठा व तर्जनी एकमेकांवर जलद आपटण्यास सांगितल्यास पहिले काही ठोके ठीक पडतात, मग बोटांतील अंतर घटत जाते. अक्षर लहान होत जाणे हा त्याच नियमाचा कागदावरील पुरावा होय. पापण्यांची उघडझाप कमी होते, चेहऱ्यावरील भाव मावळतात, आवाज क्षीण व एकसुरी होतो.

चौथे लक्षण म्हणजे तोल जाणे. हे बहुधा रोगाच्या पुढील काळात दिसते. शरीर पुढे झुकते, पावले आखूड पडतात, आणि कधी कधी रुग्ण आपल्याच झुकलेल्या भाराचा पाठलाग करीत असल्याप्रमाणे घाईघाईने पुढे जाऊ लागतो. वळताना किंवा दाराच्या उंबरठ्यापाशी त्याचे पाय एकाएकी जमिनीस खिळल्यासारखे होतात.

याच ठिकाणी या रोगाचे मर्म स्पष्ट दिसून येते. सपाट जमिनीवर ज्याचे पाय खिळले आहेत अशा रुग्णापुढे खडूने आडव्या रेषा ओढल्या, तर त्यांपैकी अनेक जण एकेक रेष ओलांडत चालू लागतात. कोणी ताल धरला, तर त्या तालावर पावले उचलली जातात. नेदरलँड्समधील एका रुग्णास काही पावलेही धड चालता येत नव्हती. तरी तो सायकल मात्र सफाईने चालवीत असे, ही गोष्ट तेथील डॉक्टरांनी २०१० साली प्रसिद्ध केली. पायांत बळ नसते, तर हे घडले नसते. गेलेली असते ती आपोआप चालण्याची शक्ती. रेषा, ताल किंवा सायकलचे पायटे यांच्या साहाय्याने मेंदू निराळी वाट काढू शकतो.

मेंदूत काय घडते?

मेंदूच्या तळाशी, त्याचा देठ जेथे वर मिळतो त्या मध्यमेंदूत, दोन्ही बाजूंस एकेक गडद रंगाचा लहानसा पट्टा असतो. त्यास कृष्णद्रव्य म्हणतात. मानवी मेंदूत एकंदर सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी आहेत. त्या मानाने या पट्ट्यातील काही लाख पेशी म्हणजे मोठ्या नगरातील एखादी लहानशी आळी होय. परंतु या आळीकडे सोपविलेले काम मोठे आहे. येथील पेशी डोपामिन नावाचे रासायनिक द्रव्य तयार करतात आणि आपल्या लांब तंतूंच्या द्वारे ते मेंदूच्या आत खोल असलेल्या रेखांकित पिंडाकडे पोहोचवितात. कोणती हालचाल सुरू करावयाची, कोणती दाबून ठेवावयाची आणि तीस किती जोर द्यावयाचा, याचा निवाडा ज्या मंडलात होतो त्याचा हा पिंड एक प्रमुख भाग आहे.

डोपामिनचे काम कळण्यासाठी कालव्याच्या दाराची उपमा घेता येईल. तलावात पाणी आहे, म्हणजे इच्छा आहे. शेत सज्ज आहे, म्हणजे स्नायू सज्ज आहेत. परंतु मधले दार पुरेसे उघडत नाही. डोपामिन हे दार उघडणारे द्रव्य होय. ते कमी पडले की प्रत्येक हालचाल अपुऱ्या जोराने होते, किंवा सुरूच होत नाही.

कंपवातात कृष्णद्रव्यातील या पेशी हळूहळू मरतात. १९१९ साली कॉन्स्तांतिन त्रेत्याकोव्ह या संशोधकाने पॅरिस येथे मृत रुग्णांचे मेंदू तपासून, या पट्ट्याचा काळा रंग फिका पडलेला असतो, हे दाखविले. त्यापूर्वी १९१२ मध्ये फ्रिड्रिख लेवी या जर्मन वैद्यास अशा रुग्णांच्या मज्जापेशींत सूक्ष्म गोलाकार कण आढळले होते. त्यांना ‘लेवी पिंड’ म्हणतात. ते मुख्यतः अल्फा-सिन्यूक्लीन नावाच्या प्रथिनाच्या गुंतवळ्याचे बनलेले असतात, हे १९९७ मध्ये सिद्ध झाले. हे प्रथिन निरोगी पेशीतही असते. रोगात मात्र त्याची घडी बिघडते आणि ते साचू लागते.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. लक्षणे प्रथम दिसतात तेव्हा कृष्णद्रव्यातील अशा पेशींपैकी निम्म्याच्या आसपास अगोदरच नष्ट झालेल्या असतात. उरलेल्या पेशी अधिक काम करून उणीव भरून काढीत असतात, म्हणून रोग दीर्घकाळ झाकलेला राहतो. गुरुजींचे अक्षर लहान होऊ लागले, त्याच्या कित्येक वर्षे आधीच रोगाचा आरंभ झालेला होता.

सर्पगंधेपासून डोपामिनपर्यंत

कृष्णद्रव्य आणि डोपामिन यांचा संबंध उलगडला त्या कथेत भारतातील एका वनस्पतीचा मोठा वाटा आहे. सर्पगंधा ही औषधी आपल्या देशात पूर्वापार वापरात होती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरील तिच्या उपयोगासंबंधीचा निबंध १९४९ साली एका ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष तिच्याकडे वेधले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी तिच्यातील रिसर्पिन हे क्रियाशील द्रव्य वेगळे केले. रिसर्पिनचा उपयोग वाढला तसे असे दिसून आले की, ते घेणाऱ्या काही रुग्णांत कंपवातासारखी लक्षणे उद्भवतात.

स्वीडनचे शास्त्रज्ञ आर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना रिसर्पिन दिले. ससे निश्चल झाले. मग त्यांना लेव्होडोपा हे द्रव्य टोचले. शरीरात डोपामिन ज्यापासून बनते ते हे द्रव्य होय. थोड्याच वेळात ससे सावध होऊन हालचाल करू लागले. रिसर्पिनमुळे मेंदूतील डोपामिनचा साठा रिता होतो व लेव्होडोपाने तो पुन्हा भरतो, हे लवकरच स्पष्ट झाले. या व पुढील कार्याबद्दल कार्लसन यांना २००० सालच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. १९६० मध्ये व्हिएन्ना येथील ओलेह होर्निकिएविच व त्यांचे सहकारी यांनी कंपवाताने मृत्यू पावलेल्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिनचा मोठा तुटवडा असतो, हे दाखविले, आणि पुढील वर्षी रुग्णांना लेव्होडोपा टोचून पाहण्यात आले. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी तोंडावाटे, अल्प मात्रेपासून आरंभ करून मात्रा क्रमाक्रमाने वाढवीत नेण्याची रीत बसविली. वर्षानुवर्षे जखडलेले रुग्ण उठून चालू लागले.

औषध आणि त्याच्या मर्यादा

येथे चाणाक्ष वाचक विचारील की, डोपामिन कमी पडते तर सरळ डोपामिनच का देऊ नये? उत्तर असे की, रक्तातील हरएक द्रव्य मेंदूत शिरू नये म्हणून निसर्गाने तेथे एक रोधक व्यवस्था ठेविली आहे. डोपामिन ती ओलांडू शकत नाही. लेव्होडोपा ओलांडते आणि आत गेल्यावर त्याचे डोपामिनमध्ये रूपांतर होते. हे रूपांतर वाटेतच झाले तर मळमळ व उलट्या होतात. म्हणून लेव्होडोपाबरोबर कार्बिडोपासारखे जोडऔषध देतात.

हे औषध आजही सर्वांत परिणामकारक आहे. मात्र ते रोगाचे निर्मूलन करीत नाही. पेशींचा ऱ्हास चालूच राहतो. काही वर्षांनी एका मात्रेचा प्रभाव पुढील मात्रेपर्यंत टिकेनासा होतो, आणि काही रुग्णांत अंगाची अनावर वळवळ सुरू होते. अशा वेळी मात्रा, वेळा व जोडऔषधे यांचा मेळ डॉक्टरांना नव्याने बसवावा लागतो. डाळ, दूध, अंडी यांसारख्या प्रथिनयुक्त अन्नातील घटक आणि लेव्होडोपा हे शरीरात एकाच वाटेने आत जाऊ पाहतात. म्हणून जेवणाच्या व औषधाच्या वेळा डॉक्टरांना विचारून ठरवाव्यात. औषध एकाएकी बंद करणे धोक्याचे असते. त्यामुळे तीव्र ज्वर व विलक्षण ताठरपणा येऊन प्राणावर बेतू शकते.

खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपा असते, हे दामोदरन् व रामस्वामी या भारतीय शास्त्रज्ञांनी १९३७ मध्येच दाखविले होते. आयुर्वेदात ही वनस्पती कपिकच्छु या नावाने प्रसिद्ध आहे. परंतु एवढ्यावरून कोणी बिया कुटून स्वतःच औषध घेऊ नये. बियांतील लेव्होडोपाचे प्रमाण सारखे नसते, आणि आधीच गोळ्या चालू असल्यास मात्रा वाढून अपाय होतो.

निवडक रुग्णांत शस्त्रक्रियेचाही उपयोग होतो. फ्रान्समधील ग्रनोबल येथे आलिम-लुई बेनाबिद व त्यांचे सहकारी यांनी १९८७ पासून मेंदूच्या खोल भागात बारीक तारा बसवून सौम्य विद्युत्प्रवाहाने कंप शमविण्याची पद्धत विकसित केली. विजेचा घट गळपट्टीच्या हाडाखाली त्वचेच्या आत बसवितात. ही शस्त्रक्रिया आता भारतातील मोठ्या रुग्णालयांतही होते. तिने लक्षणे आटोक्यात येतात. रोग नाहीसा होत नाही.

न दिसणारे परिणाम

बुद्धी व ज्ञानेंद्रिये शाबूत राहतात, असे पार्किन्सनने लिहिले होते. आजचे ज्ञान यात दुरुस्ती करते. हा रोग केवळ हालचालींचा नव्हे. कित्येक रुग्णांत कंपाच्या अनेक वर्षे आधी वासाची जाणीव मंदावते व मलावरोध जडतो. काही जण झोपेत स्वप्नाबरहुकूम ओरडतात, लाथा झाडतात. निरोगी मनुष्याचे शरीर स्वप्नात सैल पडलेले असते, ती सैलता येथे नाहीशी झालेली असते. पुढे उभे राहताच रक्तदाब उतरून भोवळ येते, गिळण्यास त्रास होतो, लाळ ओघळते. खिन्नता हीदेखील अनेकदा रोगाचाच भाग असते. ती केवळ दुःखाची प्रतिक्रिया नव्हे, व तिच्यावर उपचार करता येतात. उतारवयात काही रुग्णांची स्मृती व विचारशक्तीही क्षीण होते. परंतु हे सर्वांच्या बाबतीत घडत नाही, आणि आरंभीच्या काळात तर चेहरा स्तब्ध असला तरी आतील मनुष्य बहुधा पूर्वीसारखाच जागा असतो.

हा रोग कोणास व का होतो?

बहुतेक रुग्णांच्या बाबतीत एकच एक कारण दाखविता येत नाही. सर्वांत मोठा हात वयाचा आहे; बहुसंख्य रुग्ण साठीच्या आसपास किंवा त्यापुढील असतात, तथापि पन्नाशीच्या आतही हा रोग होऊ शकतो. पुरुषांत तो स्त्रियांपेक्षा काहीसा अधिक आढळतो. मुंबईतील पारशी वसाहतींत झालेल्या व १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दर लाख लोकांमागे सुमारे ३२८ रुग्ण आढळले. या समाजात वृद्धांचे प्रमाण मोठे आहे, हे त्या आकड्याचे एक प्रमुख कारण होय. आयुर्मान वाढत असलेल्या आपल्या देशास त्यापासून घेण्याजोगा बोध उघड आहे.

थोड्या कुटुंबांत हा रोग आनुवंशिक असतो. बाह्य विषांचाही संबंध असू शकतो. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुणांनी बनावट अमली पदार्थ टोचून घेतला. त्यातील एमपीटीपी नावाच्या अशुद्ध द्रव्यामुळे त्यांच्या कृष्णद्रव्याचा नाश होऊन काही दिवसांतच ते कंपवातग्रस्त झाले. पॅराक्वाटसारख्या काही कृषी-विषांशी दीर्घकाळ संपर्क आलेल्या लोकांत रोगाचा धोका वाढतो, असे अनेक पाहण्यांत दिसले आहे. म्हणून शेतात फवारणी करताना हातमोजे व मुखपट्टी वापरणे अगत्याचे आहे. उलटी थांबविणाऱ्या व मानसिक रोगांवरील काही औषधांमुळेही कंपवातासारखी लक्षणे दिसतात. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने बदलल्यास बहुधा ओसरतात. कंपवात हा संसर्गजन्य मात्र नाही. रुग्णाच्या ताटात जेवल्याने किंवा त्याचा हात धरल्याने तो कोणासही होत नाही.

आपले कर्तव्य

रोग समूळ बरा करणारे औषध अद्याप सापडलेले नाही. म्हणून करण्याजोगे काही नाही, असे मात्र नव्हे. योग्य उपचारांनी अनेक रुग्ण कित्येक वर्षे आपले काम करू शकतात. नियमित व्यायाम हा उपचाराचाच भाग आहे: चालणे, तालावर पावले टाकणे, मोठ्याने वाचन करणे, ठसठशीत अक्षर गिरविणे. घरात पायात अडकणारी सतरंजी काढावी, न्हाणीघरात धरण्यास दांडी बसवावी, रात्री दिवा ठेवावा. पाय खिळले असता रुग्णास हात धरून ओढू नये. तो त्यामुळे पडतो. त्यास थांबू द्यावे, मनात ताल धरू द्यावा आणि समोरची एखादी रेघ ओलांडण्यास सांगावे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट कोणत्याही औषधालयात मिळत नाही. ती म्हणजे वेळ. दुकानात पैसे मोजणाऱ्या थरथरत्या हातामागे रांग खोळंबली, की लोक नापसंतीचा सुस्कारा टाकतात. त्या सुस्काऱ्याने कंप आणखी वाढतो. अशा अनुभवांनी रुग्ण बाहेर पडणे सोडतो, मग बोलणे सोडतो, आणि रोगाने नेले नसते ते संकोच नेतो. गुरुजींच्या नातवंडांना जर कोणी वेळीच सांगितले की, आजोबांचे हसू गेलेले नाही, ते चेहऱ्यापर्यंत पोहोचण्याची वाट तेवढी अडली आहे, तर ती पुन्हा त्यांच्याजवळ गोष्ट ऐकावयास बसतील. उत्तर येण्यास विलंब लागेल, आवाज बारीक असेल. पण उत्तर येईल. त्या उत्तराची वाट पाहणे, एवढे तरी आपणां प्रत्येकाच्या हाती आहे.